लोखंडाची नीज

लोखंड खोटं बोलत नाही, असं त्या काळी पोलीस ठाण्यांच्या भिंतींवर रंगवलेलं असे. ज्यांना खोटं बोलल्याशिवाय गत्यंतर नव्हतं त्यांनी मग घरातल्या कड्याकुलपांपासून सगळं प्लास्टिकचं करून घेतलं. चोरी झाली की पोलीस बोटांचे ठसे नंतर घेत. आधी खिडकीचा गज टेबलाएवढ्या एका यंत्रापुढे धरत आणि यंत्र सांगे, हा गज परवा दुपारी हलला. सून स्वयंपाकाचा कंटाळा करते हे सिद्ध करायला एक सासूबाई घरातला तवा घेऊन सरकारी प्रयोगशाळेत गेल्या होत्या. तवा सुनेच्या बाजूने बोलला, तेव्हा सासूबाईंनी यंत्र बिघडल्याचा अर्ज केला, ही हकिगत लोक चवीने सांगत.

या सगळ्याच्या मुळाशी असलेली गोष्ट तशी साधी होती. लोखंडाच्या कुठल्याही तुकड्यात कोट्यवधी अतिसूक्ष्म चुंबक असतात आणि आपली पृथ्वी हाही एक मोठा चुंबकच. वस्तू हातात फिरती असली की तिच्यातले चुंबक गोंधळलेले राहतात. तीच वस्तू एका कुशीवर पडून राहिली की पृथ्वीच्या ओढीने ते हळूहळू एकाच दिशेला तोंड करू लागतात. आधी हलके वळतात, मग जड वळतात. पाहुण्यांचं भाषण लांबलं की पंगतीतले लोक एकेक करून भटारखान्याकडे माना वळवतात, तसंच काहीसं. किती चुंबक वळले हे मोजलं की वस्तू किती काळ न हलता पडून आहे ते कळतं. या काळाला शास्त्रज्ञ ‘शयनकाल’ म्हणत.

अडचण एवढीच होती की वस्तू यंत्रापर्यंत आणावी लागे, आणि जमिनीत पुरलेली वस्तू आणायची म्हणजे आधी खणावं लागे. सीमेवरच्या पडीक रानांत तर नेमकं खणायचीच चोरी होती. तिथे जुन्या लढायांचे सुरुंग होते, आणि एकेका सुरुंगामागे शेकडो खिळे, पत्र्याचे तुकडे, काडतुसांच्या टोप्या. साधा धातुशोधक सगळ्यांवर सारखाच ओरडे. यातलं जुनं गंजकं किती आणि गेल्या आठवड्यात कुणी आणून पुरलेलं किती, हे वरून चालता चालता कळलं असतं तर कित्येक जवानांचे पाय वाचले असते. डॉ. सुनीती वर्तकांनी उमेदीची वर्षं खर्चून तसा शोधक तयार केला. तीन चाकांची हलकी गाडी, खाली परातीएवढी तबकडी, वर दांड्याला लावलेला पडदा. घराच्या उंचीइतक्या खोलवरच्या लोखंडाचा अंधुक आकार तो पडद्यावर दाखवत असे आणि शेजारी तारीख लिहीत असे: ती वस्तू शेवटची हलली तो दिवस.

आता ही तारीख खरी की खोटी, हे तपासायचं कसं? त्यासाठी अशी जमीन हवी होती, जिच्या पोटात शेकडो लोखंडी वस्तू एकाच क्षणी निजल्या आणि तो क्षण सगळ्यांना माहीत आहे. अशी जमीन नांगरून तयार होत नाही. ती दुःखातूनच तयार होते. म्हणून डॉक्टर उंबरकोंडला आल्या.

महाडच्या वरच्या अंगाला, घाटाच्या कुशीत एकोणीस वर्षांपूर्वी उंबरकोंड नावाची वाडी होती. दिव्यांच्या अवसेच्या संध्याकाळी डोंगराचा कडा सुटला आणि सगळी घरं त्याखाली गेली. जी माणसं त्या दिवशी मुंबईला, बाजाराला किंवा पाहुण्यांकडे होती तेवढीच राहिली. त्यांनी खाली रस्त्याच्या कडेला नवी वाडी वसवली आणि वरच्या जागेला ते ‘पट’ म्हणू लागले. पटावर कुणी चप्पल घालून जात नसे, गुरं सोडत नसे. चाचणीला परवानगी देतानाही वाडीने अट घातली होती: यंत्र फिरवा, पण कुदळ लावायची नाही.

ही परवानगी मिळवून दिली मनोहर उतेकरने. मुंबईत कुरिअरच्या गोदामात उमेद घालवून गावी परतलेला साठीच्या घरातला माणूस. उंच, वाळका, एका जागी बसेल तर शपथ. बोलताना एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत राहायचा. कुणाचं घर कुठे होतं हे पटावर त्याच्याइतकं नेमकं सांगणारं आता दुसरं कुणी उरलं नव्हतं, म्हणून चाचणीचा वाटाड्याही तोच. डॉक्टरांच्या बरोबरची पुण्याची मंडळी खाली रस्त्यावरच थांबली. पटावर जास्त माणसं नकोत, हीही वाडीचीच इच्छा होती.

“मॅडम, बूट काढा,” सकाळी पटाच्या कडेला आल्यावर त्याने पहिलं हेच सांगितलं.

“काटे असतील.”

“असूं देत. खाली माणसं हायत.”

डॉक्टरांनी बूट काढले. गवत ओलं होतं. त्यांनी यंत्र सुरू केलं, कमरेचा पट्टा काढून लांब ठेवला आणि मनोहरकडे त्याचा कोयता मागितला. कोयता त्यांनी गवतावर ठेवला, तबकडी वर धरली. पडद्यावर आजचीच तारीख आली.

“म्हणजे लोखंड किती वेळ निजलंय ते ह्याला कळतं,” मनोहर म्हणाला.

“अगदी बरोबर. तुमचा शब्द आमच्यापेक्षा बरा आहे.”

“आणि कुणी मधेच उठवलं तर?”

“मग मोजणी पुन्हा पहिल्यापासून. आधीची नीज थोडी पुसते, नवी सुरू होते.”

“आमच्या गोदामातल्या वॉचमनला हे लावायला पायजे व्हतं,” तो म्हणाला आणि स्वतःच हसला.

डॉक्टरांनी त्याला एक दगड दिला. “आता कोयत्यावर दोन ठोके मारा.” त्याने मारले. पडद्यावर कोयत्याच्या आकारात दोन पांढरे ठिपके उमटले. “ठोका बसला की आतले चुंबक दचकून एकदम वळतात. निजेने व्हायला जे महिने लागतात ते ठोक्याने एका क्षणात होतं. आणि वस्तू कशी पडली असताना ठोका बसला, उभी की आडवी, तेही त्यावरून कळतं. ठोका लोखंडात राहतो.”

“माणसासारखंच की,” मनोहर म्हणाला. त्याने कोयता उचलला नाही. गंमत म्हणून आणखी एक ठोका मारला आणि तिसरा ठिपका उमटलेला वाकून पाहिला.

मग ते दोघं घराघरावरून फिरू लागले. मनोहर पुढे चालत नावं सांगे: इथं पारठ्यांची पडवी, इथं पिठाची गिरणी, इथं शाळेतल्या बाईंची खोली. मागून डॉक्टर गाडी ढकलत. खालून एकेक वस्तू पडद्यावर वर येई. नांगराचा फाळ, सायकल, छपराचे पत्रे, दाराच्या बिजागऱ्या, एक शिवणयंत्र. आणि प्रत्येकीशेजारी तीच तारीख, दिव्यांच्या अवसेची. फार तर एका दिवसाने पुढेमागे. यंत्राला मान्यता देणाऱ्या समितीला चालणारी चूकही तेवढीच होती. डॉक्टरांना आनंद होत होता आणि तो या जागी होतोय याची लाजही वाटत होती. प्रत्येक तारखेबरोबर त्यांचं यंत्र अधिक खरं ठरत होतं.

“सगळं एकदम,” त्या म्हणाल्या. “एका क्षणात. कुणाला काही कळलंसुद्धा नसेल, मनोहरभाऊ.”

“तेच तर आम्ही धरून बसलोय मॅडम. काही कळलं नाय, बसल्या जागी गेले. त्याच्यावरच दिवस काढले.”

दुपारी पटाच्या कडेच्या आंब्याखाली ते भाकरी खायला बसले. म्हणजे डॉक्टर बसल्या. मनोहर भाकरी हातात घेऊन फेऱ्या मारत होता. उरलेल्या अर्ध्या वाडीत पहिलं घर त्याचंच होतं, हे डॉक्टरांना ठाऊक होतं.

“तुमच्या घरी कोण होतं त्या दिवशी?”

“बायको. वनिता. पोरगी मामाकडं व्हती म्हणून वाचली. मी मुंबईत.” त्याने भाकरीचा तुकडा मोडला, तोंडात घातला नाही. “मॅडम, तुम्हांला खरं सांगू? वाडीतले लोक यंत्राला नको बोलत व्हते. मी सगळ्यांच्या पाया पडलो. त्याच्यात माझा सोवारथ हाय.”

“कसला?”

“तिचं काय राहिलं ते बघायचंय.”

डॉक्टरांना कळलं नाही. मग त्याने सांगितलं. फेऱ्या मारत, मधेच थांबत, कुठून तरी मधूनच सुरू करत सांगितलं. पण ते सगळं असं होतं.

दरड पडल्यावर बचाव पथक आलं, यंत्रं आली. पाऊस थांबेना. चौथ्या दिवशी डोंगर पुन्हा सुटला आणि खणणाऱ्यांपैकी एक कोवळा जवान त्यात गेला. पथकाच्या साहेबाने उरलेल्या नातेवाइकांना गोळा केलं आणि विचारलं, तुम्ही म्हणत असाल तर खणतो. सगळे एकमेकांकडे बघत राहिले. शेवटी मनोहर बोलला. “थांबवा. आमची माणसं तर गेलीच, आणखी कुणाची आई कशाला रडवायची?” त्याला कुणी दोष दिला नाही. उलट शहाणा माणूस म्हणून नाव झालं.

दहाव्या दिवशी सगळ्यांनी मिळून नदीकाठी दहावं केलं. ज्याने त्याने आपापल्या माणसांचे पिंड ठेवले. मनोहरच्या पिंडाला कावळा शिवेना.

“दोन कावळे समोरच्या फांदीवर बसले व्हते. बघत व्हते. उतरत नव्हते. मग मी बोलायला लागलो. पोरीला शिकवीन बोललो. उतरले नाय. दुसरं लगीन करणार नाय बोललो. तरी नाय. तुझ्या आयशीला सांभाळीन, बोललो. मग आठवलं, मिक्सर.”

“मिक्सर?”

“तिला मिक्सर पायजे व्हता. खलबत्त्यात कुटून कुटून खांदा भरायचा तिचा. दर गणपतीला मी बोलायचो, शिमग्याला आणतो. शिमग्याला बोलायचो, गणपतीला. आणि वर मीच बोलायचो, वाडीत लाइट कुठं टिकते, मिक्सर काय पाण्यावर चालवशील? त्या दिवशी मेव्हण्याला महाडला पिटाळला, खोक्यासकट नवा मिक्सर आणवला आणि पिंडाशेजारी ठेवला. घे बाई, बोललो. लोकांना हसू पण आलं आणि रडू पण आलं.”

“आणि कावळा?”

“उडून गेला. ऊन कलायला लागलं तवा भटजी बोलले, आता दर्भाचा करा. मग गवताचा कावळा करून शिवून घेतलं.” मनोहरने हातातली भाकरी तशीच फडक्यात गुंडाळली. “बाकीच्यांचं काय झालं ते मी बघितलं नाय, माझं ध्यान माझ्या पानावर. पण एकोणीस वरसं एकच गोष्ट डोक्यात फिरतीय. तिचं काय राहिलं व्हतं? मी बोललो ते सगळं केलं. पोरगी नर्स झाली. लगीन नाय केलं. सासूला मरेस्तोवर बघितलं. मिक्सर अजून घरात हाय, कुणाला वापरू देत नाय. मग मला वाटलं, तिनं घरात काहीतरी ठेवलं असंल. पोरीसाठी एखादा डबा, सोन्याचा डाग. आम्हांला गावला नाय म्हणून जीव अडकला. तुमच्या यंत्रात दिसला तर निदान कळंल मला.”

डॉक्टरांच्या वडिलांच्या दहाव्याला कावळा लगेच शिवला होता. त्याला भूक लागली होती, असं त्या तेव्हा म्हणाल्या होत्या आणि आईने तोंड फिरवलं होतं. आज त्यांनी बूट नसलेले पाय गवताला पुसले आणि यंत्राचा दांडा धरला.

मनोहरने आपलं घर पावलांनी आखून दाखवलं. ही ओटी, हे माजघर, हे मागचं स्वयंपाकघर. ओटीवरचे पत्रे आले. माजघरातली लोखंडी खाट आली. सगळ्यांची तारीख तीच. स्वयंपाकघरावर आल्यावर पडद्यावर एक तुळईचा खिळा, मग विळी, मग एक वाटीसारखा जाड आकार आला.

“खल तो,” मनोहर लगेच म्हणाला. “आमचाच. माझ्या आयशीचा. लोखंडी, दोन माणसांनी उचलावा असा.”

“आडवा पडलाय,” डॉक्टर म्हणाल्या. तारीख दिव्यांच्या अवसेची.

त्याच्या शेजारी एक दांड्यासारखा आकार होता. बत्ता. डॉक्टरांनी त्याच्यावर तबकडी आणली, तारीख वाचली आणि तबकडी बाजूला घेतली. पुन्हा आणली. यंत्र बंद करून चालू केलं. कोयत्यावर नेऊन तपासलं, बरोबर चाललं होतं. बत्त्यावर परत आणलं. बत्ता शेवटचा हलला होता तो दिवस दरडीनंतरचा बारावा होता.

मग त्यांनी खलाचं चित्र मोठं केलं. आडव्या खलाच्या कडेवर पांढरे ठिपके होते. दोन-तीन नव्हते. मोजता येणार नाहीत इतके होते, एकमेकांवर चढलेले, सगळे एकाच जागी. सगळे खल आडवा झाल्यानंतरचे.

डॉक्टर वर्तक शास्त्रज्ञ होत्या आणि त्या वेळी त्यांना दोनच वाटा दिसल्या. एक तर यंत्र चुकत होतं, नाही तर ती बाई जिवंत होती. तुळया तिरक्या पडून स्वयंपाकघरात पोकळी राहिली असेल. मातीतून पावसाचं पाणी झिरपत असेल. आणि ती अंधारात लोखंडावर लोखंड आपटत असेल, वर कुणी तरी आहे, कुणी तरी ऐकेल म्हणून. वर चौथ्या दिवसानंतर कुणीच नव्हतं. गवताखालची जमीन तळव्यांना सहन होईना आणि उभं तर तिथेच राहायचं होतं.

“काय झालं मॅडम? डबा हाय काय?”

“डबा नाही,” त्या म्हणाल्या. “यंत्र गडबडलंय. बत्त्याची तारीख चुकीची दाखवतंय.”

पडद्यावर शेरा लिहायची जागा होती. तिथे त्यांनी स्वतःच्या हाताने ‘यंत्रदोष’ लिहिलं. हा एक शब्द संध्याकाळी समितीकडे गेला की चाचणी नापास होणार होती. सीमेवरची माणसं आणखी काही वर्षं काठ्यांनी जमीन टोचत फिरणार होती. हे सगळं त्यांना शब्द लिहिताना ठाऊक होतं. पण ती माणसं लांब होती आणि हा माणूस समोर उभा होता, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत.

“होतं असं,” मनोहरने उलट त्यांनाच धीर दिला. “आमच्या गोदामात नवा काटा आला तवा पयल्या दिवशी मालकाचंच वजन दोन किलो भरलं व्हतं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. किती चुकलं?”

“फार नाही. थोडे दिवस. खालची माती सरकत असते, त्याने वस्तू हलतात.”

“हां.” तो आंब्याखाली जाऊन बसला, लगेच उठला. पाण्याची बाटली उघडली, तशीच बंद केली. पटाच्या कडेने थोडं चालून आला. आणि मग सरळ डॉक्टरांसमोर येऊन उभा राहिला.

“मॅडम, माती सरकली तर खल का नाय सरकला? शेजारीच हाय.”

“जड असतो खल.”

“सकाळी तुम्ही बोललात, ठोका लोखंडात राहतो.”

“हो.”

“खलावर ठोके हायत?”

“खलच आहे तो, मनोहरभाऊ. वनिताताई रोज कुटत असतील. ठोके असणारच.”

“आडव्या खलात कोण मसाला कुटतं?”

डॉक्टरांनी पडदा त्याच्यापासून दुसरीकडे वळवला. वाऱ्याने गवत हलत होतं. खालच्या रस्त्यावरून एक ट्रक घाट चढत होता, त्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

“कंदीपर्यंत?” मनोहरने विचारलं.

“यंत्र चुकलेलं असू शकतं. मी तसं लिहिलंय.”

“यंत्र काय बोलतं तेवढं सांगा.”

“बाराव्या दिवसापर्यंत.”

त्याने अंगठा बोटांच्या पेरांवर ठेवला आणि मोजायला सुरुवात केली. चौथ्या पेरावर तो थांबला. पुढे मोजत गेला. दहाव्यावर पुन्हा थांबला, आणि मग उरलेली दोन पेरं मोजली.

“यंत्र बरोबर हाय मॅडम,” तो म्हणाला. “तो शेरा पुसा.”

“तुम्हांला कसं कळणार यंत्र बरोबर आहे की चूक?”

“तिचं काही राहिलं नव्हतं.” तो खाली बसला. “कावळा शिवेल कशाला? ती गेलीच नव्हती. मी नदीवर बसून कावळ्याला बोलत व्हतो आणि ती हितं... पोरीला शिकवतो बोललो, मिक्सर आणतो बोललो, सगळं बोललो. एक नाय बोललो.”

“काय?”

“खणतो. तेवढं एकच बोलायचं राहिलं.”

डॉक्टर त्याच्याजवळ गवतावर बसल्या. कावळ्यांवर त्यांचा विश्वास नव्हता, यंत्रावर होता, आणि दोघांचं एकमत झालं होतं. त्यांना त्याच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला आणि ठेववेना. ज्या यंत्रासाठी त्यांनी इतकी वर्षं दिली होती ते त्यांना त्या क्षणी दरीत ढकलून द्यावंसं वाटलं, अगदी मनापासून.

मनोहरने तोंड पुसलं. “शेरा पुसा. तिकडं सीमेवर पोरांचे पाय जातायत, परवानगी मागताना बोललात ना तुम्ही? ती आयुष्यभर दुसऱ्याच्या उपयोगी पडली. हितं पण पडूं दे.”

डॉक्टरांनी शेरा पुसला. मग त्या म्हणाल्या, “आता पुरे. अर्धी वाडी झाली, समितीला एवढं चालेल. उरलेल्या घरांवर मी यंत्र नेत नाही. थांबू या.”

“नाय.” मनोहर उठून उभा राहिला. “ह्या जमिनीवर एकदा मी थांबवा बोललो. आता माझ्या तोंडातून तो शब्द निघायचा नाय. चला.”

“कशासाठी? आता त्या तारखांचा काय उपयोग? तुम्हीच म्हणालात, काही कळलं नाही यावर लोकांनी दिवस काढले.”

“दिवस आम्ही काढले मॅडम. खाली त्यांनी पण काढले असतील तर ते कुणी मोजायचे?”

डॉक्टरांनी दांडा धरला. मनोहर पुढे झाला.

पुढचं घर गुणाबाई शेलारचं होतं. ती पटाच्या कडेला येऊन बसलीच होती, ऐंशी ओलांडलेली, डोक्यावर पदर, हातात काठी. दरडीच्या दिवशी ती बाजाराला गेली होती आणि तिची सून अन् धाकटा मुलगा घरात होते. सकाळपासून वाडीत बातमी फिरत होती की यंत्र सगळ्यांची तारीख एकच दाखवतंय, सगळे एकदमच गेले. ते स्वतःच्या कानांनी ऐकायला ती टेकडी चढून आली होती.

“काय रे मन्या, आलं का माझं घर? काय बोलतं लोखंड? पटकन गेली ना माझी लेकरं?”

मनोहर तिच्यापुढे उकिडवा बसला. “बघतोय काकी. आधी एक सांग. त्या दहाव्याला तुझ्या पिंडांना कावळा शिवला व्हता ना गं? लगेच?”

“तुला ठावं नाय व्हय? तुझ्या बाजूलाच तर बसले व्हते. पण तू तुझ्याच धुंदीत.” गुणाबाईने काठी या हातातून त्या हातात घेतली. “सुनेच्या पिंडाला लगेच शिवला, बिचारीचा जीव कशात नव्हता. धाकट्याला नाय शिवला बघ. किती सांगितलं, काय काय कबूल केलं. शेवटी तुझ्यासारखाच गवताचा केला. त्याचं काय राहिलं व्हतं, देवाला माहीत.”

मनोहरने मागे वळून डॉक्टरांकडे पाहिलं. त्यांचा हात यंत्राच्या कळीवर होता.

“दाबा की बाई,” गुणाबाई म्हणाली. “थांबलात का?”